मोठे घर आणि मोजका गारवा

वैशाखातील ती रात्र आमच्या घरात कुणीच विसरलेले नाही. हिंगोलीत दुपारी पारा ४३ अंशांपर्यंत गेला होता आणि रात्रीचे अकरा वाजले तरी वरच्या मजल्याच्या भिंतीला हात लावला की चुलीमागच्या भिंतीसारखी धग लागत होती. आईची खोली त्याच मजल्यावर, पश्चिमेच्या बाजूला. तिचे वय ७८. सूर्यास्तानंतर ती अन्नच काय, पाण्याचा थेंबही घेत नाही. चारही आहारांचा हा त्याग तिने तरुणपणापासून पाळलेला आहे. पहाटे उठताना तिला भोवळ आली आणि ती पलंगाच्या काठाला धरून तशीच बसून राहिली.

डॉक्टरांनी तपासले. "अंगातलं पाणी कमी झालंय. आजी, रात्री थोडं पाणी घेत जा," असे ते म्हणाले. आईने शांतपणे मान हलवली. तेव्हा ते माझ्याकडे वळले, "मग निदान रात्रभर घाम येणार नाही अशी खोली तरी त्यांना द्या."

वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते आणि घामावाटे अंग थंड ठेवण्याची शक्तीही उणावते. दिवसाच्या उन्हाइतकीच तापलेली रात्रही म्हणूनच वृद्धांना बाधते. एरवी वातानुकूलन म्हणजे चैन, असे मानणारे आमचे घर. पण त्या सकाळी तो चैनीचा प्रश्न उरला नाही.

आमच्या जुन्या माळवदाच्या घरात हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. हातभर जाडीच्या मातीच्या छपराखाली दुपारीही झोप लागत असे. नऊ खोल्यांचे नवे घर आम्ही हौसेने बांधले आणि डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत ओततो. म्हणून यंत्र घेण्याआधी आम्ही गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून पडदा लावला. खर्च किरकोळ झाला. पण रात्रीची धग पुष्कळ कमी झाली आणि पुढे घ्यावयाचे यंत्रही त्यामुळे लहान चालले.

दुकानात गेलो तेव्हा पहिलेच वाक्य कानावर पडले, "शेटजी, घर मोठं आहे, दोन टनाच्या खाली बघूच नका." पाच खोल्यांसाठी पाच दोन टनी यंत्रे, असा कागद त्याने तत्परतेने लिहूनही दिला. आमचा पिढीजात व्यवसाय हळदीचा. पोते कितीही देखणे असो, आतली हळद हातात घेऊन मोडल्याखेरीज भाव बोलायचा नाही, ही सवय. कागद खिशात घालून घरी आलो आणि चार दिवस या विषयाचा अभ्यास केला. तो येथे मांडण्याचे कारण असे, की मोठी घरे, वृद्ध आईवडील आणि दुकानातले असे कागद आपल्या अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतात.

इंग्रजीत ज्याला हीट पंप म्हणतात, ते हेच यंत्र. बोअरची मोटर पाणी खालून वर चढवते, तसा हा पंप उष्णता थंड बाजूकडून गरम बाजूकडे चढवतो. पाणी आपणहून वर चढत नाही आणि उष्णता आपणहून थंडाव्याकडून गरमीकडे जात नाही. दोन्हीकडे पंप लागतो. नळीतला द्रव खोलीची उष्णता शोषून वायू होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि ती उष्णता बाहेरच्या जाळीतून अंगणात टाकली जाते. घरातले फ्रीज हेच काम कित्येक वर्षे मुकाट्याने करते आहे. येथे वीज उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, केवळ वाहून नेण्यासाठी खर्च होते. म्हणून एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता हलते. लॉर्ड केल्व्हिन यांनी ही कल्पना १८५२ मध्ये मांडली होती. तेव्हा ती नवी नाही.

नवे आहे ते कमी-अधिक गतीने चालणारे कॉम्प्रेसर. जुन्या यंत्राला दोनच गोष्टी ठाऊक : पूर्ण वेगाने धावणे किंवा थांबणे. १९८० च्या सुमारास जपानमध्ये असे कॉम्प्रेसर आले, की खोली थंड होत आली की त्यांची गती मंदावते आणि मग ते हळूहळू, पण अखंड चालत राहतात. यालाच आपल्याकडे इन्व्हर्टर एसी म्हणतात. या नावाने मात्र मोठा गोंधळ केला आहे. आमच्या शेजारच्या काकांची अजूनही समजूत आहे, की वीज गेली की हा एसी घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालतो. तसे नाही. या इन्व्हर्टरचा बॅटरीशी काहीही संबंध नाही. मोटरची गती बदलणारे ते आतले विद्युत मंडल आहे.

आता टनांविषयी. हा 'टन' वजनाचा नव्हे. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजेच सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. खालच्या मजल्यावरची, सावलीतली १२ बाय १२ फुटांची खोली एक टनात निभावते. तीच खोली स्लॅबखाली आणि पश्चिमेला असेल, तर दीड टन लागतो. मोठे यंत्र घेतले म्हणजे अधिक सुख, हा भ्रम आहे. गती कमी करण्यालाही मर्यादा असते. खोलीच्या मानाने यंत्र फार मोठे असेल, तर ते त्या मर्यादेखाली उतरू शकत नाही आणि जुन्या यंत्रासारखे चालू-बंद करत राहते. मग ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, तोच वाया जातो. शिवाय खोली झटपट थंड होते, पण हवेतला ओलावा निघत नाही. अंग चिकटच राहते.

मराठवाड्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विचारणे अगत्याचे आहे. यंत्रावर लिहिलेली क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ३५ अंश सकाळी दहाच्या आतच होतात. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात त्याच यंत्राची क्षमता घटते. म्हणून माहितीपत्रकात ४३ किंवा त्याहून अधिक अंशांना यंत्र किती काम देते, हा आकडा शोधावा. तो आकडा विक्रेता दाखवू शकला नाही, तर आम्ही ते यंत्र बाजूला ठेवले.

यानंतर तारे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही केंद्र सरकारची संस्था ऊर्जाबचतीचे तारे ठरवते. इन्व्हर्टर एसीसाठी ही पट्टी २०१८ पासून सक्तीची आहे. पट्टीवर वर्षाचे युनिट छापलेले असतात आणि ते वर्षाला १,६०० तासांचा वापर धरून काढलेले असतात. बहुतेक ग्राहक तारे मोजतात. हा तासांचा आकडा कुणी पाहत नाही. खरा व्यवहार मात्र त्यातच आहे.

आम्ही पाहिलेल्या दीड टनी यंत्रांत पाच ताऱ्यांचे यंत्र वर्षाला सुमारे ७७० युनिट घेणारे होते आणि तीन ताऱ्यांचे सुमारे ९७०. अंतर २०० युनिटांचे. महावितरणच्या बिलात ३०० युनिटांच्या वर गेले की दर चढतो. वहन आकार व वीज शुल्क मिळवून आम्ही युनिटला १२ रुपये धरले. दोन्ही यंत्रांच्या किमतीत ८,००० रुपयांचा फरक होता. आईच्या खोलीत यंत्र वर्षात १०० दिवस, रोज १४ तास चालणार. म्हणजे १,४०० तास. बचत १७५ युनिटांची, २,१०० रुपयांची. जादा दिलेले पैसे चार वर्षांच्या आत परत. याउलट पाहुण्यांची खोली. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला येणारे नातेवाईक सुट्टीत आमच्याकडे उतरतात. सगळे मिळून फार तर ६० रात्री, आठ-आठ तास. तेथे बचत ६० युनिटांची, वर्षाला ७२० रुपयांची. आठ हजार वसूल व्हायला अकरा वर्षे लागतील; तोवर यंत्रच टिकेल की नाही, याची शंका. म्हणून आईच्या खोलीत पाच तारे घेतले आणि पाहुण्यांच्या खोलीत तीन. एकाच घरात दोन प्रतींची यंत्रे घेतलेली पाहून दुकानदाराला हसू आले. पण परवडणारे यंत्र कोणते, हे दुकानातल्या किमतीच्या पाटीवर ठरत नाही. त्या खोलीत कोण राहते आणि किती तास राहते, यावर ठरते.

एक सावधगिरी : ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात. कालचे पाच तारे आज चार भरतात. जुना माल स्वस्त मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण पट्टीवरचा कालावधी वाचून आणि तारे नव्हे, युनिट पाहून. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या किमतीचे दरपत्रक कुणी पुढे केले, तर तेही तपासावे.

पाचही खोल्यांना बाहेरचे एकच मोठे यंत्र जोडण्याची योजनाही आमच्यापुढे ठेवण्यात आली होती. दिसायला ती सुबक. पण भांडवली खर्च बराच अधिक आणि ते एक यंत्र बिघडले की संपूर्ण घर तापणार. तालुक्याच्या गावी असा तंत्रज्ञ मिळणे कठीण, नांदेडहून बोलवावा लागतो. स्वतंत्र यंत्रेच बरी. शेवटी पाच खोल्यांऐवजी दोनच खोल्यांत यंत्रे बसली. दिवाणखान्यात पूर्वीचा कूलर कायम ठेवला. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम काम देतो. जूनच्या मध्यावर हवा दमट झाली की तो हात टेकतो, तेवढ्या दिवसांपुरते सगळे आईच्या खोलीत गाद्या टाकतात. तिलाही ते आवडते, असे दिसते.

स्वयंपाकघराबद्दल मात्र सुनांचे गाऱ्हाणे रास्त होते. आपल्याकडे संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपायचे, म्हणजे चार ते सहा या ऐन तापलेल्या वेळी शेगडी पेटलेली. तेथे एसी बसवून उपयोग नाही. शेगडीची उष्णता आणि उघडा झरोका यांच्यापुढे कोणतेही यंत्र हरते. मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला, पोळ्यांचे काम उत्तरेच्या ओसरीत हलवले. याच रिवाजाचा एक फायदाही ध्यानात आला. दिवेलागणीनंतर स्वयंपाकघर शांत असते, त्यामुळे रात्री घरात नवी उष्णता भरत नाही आणि आईच्या खोलीतले यंत्र अगदी मंद गतीवर येते.

थंडीत ऊब देणारे 'हॉट अँड कोल्ड' यंत्र घ्यावे का? त्यात तोच पंप उलटा चालतो. थंड प्रदेशांत त्याचे मोल मोठे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्रींसाठी जादा पैसे देणे मला पटले नाही. गोधडी पुरते.

आंघोळीच्या पाण्याचा हीट पंप हा याच जातीचा, आणि त्याचा विचार आम्ही मनापासून केला. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर नेण्यास साध्या गिझरला सुमारे ७ युनिट लागतात, हीट पंपाला सव्वादोन-अडीच. वर्षातले २०० दिवस धरले तर ११ हजार रुपये वाचतील. पण असे यंत्र लाखाच्या पुढे जाते आणि आमच्या उघड्या गच्चीवर सौर बंब त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात बसतो. ज्यांच्या गच्चीवर सावली आहे, त्यांनी हीट पंपाचा अवश्य विचार करावा. मात्र त्यातले पाणी उकळत नाही. पिण्यासाठी उकळलेले पाणी लागणाऱ्या घरात पातेले शेगडीवर चढवावेच लागते.

यंत्र बसवताना डोळ्यांत तेल घालून उभे राहावे. बाहेरचा डबा पश्चिमेच्या भिंतीवर नको. सावलीत आणि मोकळ्या हवेत हवा. नळी जोडल्यावर आतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढलीच पाहिजे. आमच्याकडे आलेला मुलगा घाईत होता, "काका, गॅसनेच हवा निघून जाते," म्हणू लागला. त्याला परत पाठवले. दुसऱ्या दिवशी पंप घेऊन आला. अर्थिंग तपासावे, आणि दोन-तीन यंत्रे असतील तर बिलावरचा मंजूर भारही. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी ठळक अक्षरांत छापतात. इलेक्ट्रॉनिक पीसीबीची हमी किती वर्षांची, हे मुद्दाम विचारावे, कारण महाग दुरुस्ती तिचीच निघते. मृगाच्या आधीच्या वादळात विजा कडाडू लागल्या की आम्ही एमसीबी खाली पाडतो.

आईच्या खोलीत यंत्र २६ अंशांवर ठेवलेले असते आणि वर पंखा मंद फिरतो. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगते. आई मात्र वीज वाचवायला नव्हे, थंडी वाजते म्हणून वाढवते. ठिबकणारे पाणी आम्ही बादलीत धरतो आणि डास होऊ नयेत म्हणून रोज सकाळी झाडांना घालतो. पहिल्या उन्हाळ्यात ती मला दोनदा म्हणाली, "मला कूलरच बरा होता रे." तिसऱ्यांदा मी वाट पाहिली, पण ती गाढ झोपली होती.