ग्लासातला गहू

सीलिअ‍ॅक आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. पोळी सुटते, हे समजतं. पण पेयांचं काय?

बिअर बहुधा जवाच्या माल्टची, म्हणून ती बाद. मग जवाचीच व्हिस्की? ती चालते. ऊर्ध्वपातनात अल्कोहोलची वाफ वर जाते, ग्लुटेनसारखी प्रथिनं मात्र भांड्यातच राहतात. नंतर मिसळलेल्या स्वादद्रव्यांची तेवढी खात्री करावी. द्राक्षाची वाइन आणि गोव्याची काजूच्या बोंडांची फेणी यांचा तर धान्याशी संबंधच नाही.

कॉकटेलमध्ये चौकशी वाढते. ब्लडी मेरीत वूस्टर सॉस पडतो आणि त्याच्या काही प्रकारांत जवाचं माल्ट व्हिनेगर असतं. अंश अगदी थोडा, तरी विचारलेलं बरं. एन्झाइम घालून ग्लुटेन ‘कमी केलेल्या’ बिअरवर माझा मुळीच भरवसा नाही. त्यात प्रथिनांचे तुकडे होतात, नेहमीच्या चाचण्यांना ते नीट मोजता येत नाहीत, आणि तुकडेही त्रास देऊ शकतात. निव्वळ ज्वारीची बिअर वेगळी.

दारू न पिणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. दुधात ढवळायच्या माल्ट पावडरी उघडच जवाच्या. पण मसाला ताक? जलजिरा? त्यांत हिंग असतो, आणि बाजारातल्या हिंगात डिंकाबरोबर बरेचदा गव्हाचं पीठ असतं! तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. डबीवर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर भारतात मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅमची आहे.