जुनं चित्र, कुणाचं चित्र?

आमच्या बचत गटाने दिवाळीसाठी दोनशे कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. वर छापायला छानसं चित्र हवं होतं. एकीने माळ्यावरून सासऱ्यांच्या वेळचा 'दीपावली' अंक काढून आणला. मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांनी रंगवलेली स्त्री. रंग अजून तसेच! सगळ्याजणी खूश. छापणारा म्हणाला, "ताई, एवढं जुनं चित्र, कोण विचारतंय?"

मला मात्र चैन पडेना. मागे एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आम्ही असंच न विचारता एक चित्र टाकलं होतं आणि नेमकी त्या चित्रकाराची मुलगीच समोर बसलेली निघाली. काही बोलली नाही हो ती. पत्रिकेची घडी करून पर्समध्ये ठेवली, बस्स.

म्हणून या वेळी ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, चित्र किती जुनं ते नाही, चित्रकार कधी गेला ते बघायचं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही वर्षं मोजायची मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत हक्क आहे! मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांचा २०३६ अखेरपर्यंत. आणि अंक आपल्या घरचा असला म्हणून काय झालं? आपण कागद विकत घेतला, चित्र छापायचा हक्क नाही. हवंच असेल तर तो हक्क आज ज्यांच्याकडे आहे, त्यांची लेखी परवानगी घ्यायची.

चित्रावर नावगावच नसेल, चित्रकार कोण हेच कळत नसेल, तर मात्र प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं मोजतात. म्हणून आधी कोपऱ्यातली सही शोधायची, भिंग घेऊन!

राजा रविवर्मा १९०६ मध्येच गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला. पण आजच्या कुणी त्यात फेरफार करून नव्याने काढलेलं चित्र असेल, तर त्या नव्या कामावर त्याचा हक्क असू शकतो. जुनी छपाईच गाठलेली बरी.

दिवाळी तोंडावर, परवानगीला वेळ कुठला? शेवटी धुरंधरांचं चित्र निवडलं. ते १९४४ मध्ये गेले, हक्क २००४ अखेर संपला. अंक आणणारी जरा रुसलीच. तो परत गुंडाळताना म्हणाली, "मग दोन हजार बत्तीसच्या दिवाळीला छापू."

मी म्हटलं, "छापू की. अंक तेवढा वाळवीपासून सांभाळ!"