ऊन तापायच्या आधीच त्वचा का भाजते?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला मी यवतमाळजवळच्या शेतांतून मातीचे नमुने गोळा करत होतो. पळस फुलला होता, वारा छान होता. दुपट्टा बॅगेतच राहिला. रात्री मान आणि हात लाल होऊन चुरचुरायला लागले. एवढं ऊन तर नव्हतं! मग झालं काय?

उष्णता वेगळी, अतिनील किरणं वेगळी

आपल्याला जाणवते ती उष्णता. त्वचा लाल होते ती मुख्यतः यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे, आणि ती ना दिसतात, ना जाणवतात. ओझोनचा थर त्यातली बरीचशी शोषून घेतो. पण सूर्य जसजसा वर येतो, तसा किरणांचा वातावरणातला रस्ता कमी होतो आणि जास्त यूव्हीबी खाली पोचते. जमीन आणि हवा तापायला मात्र वेळ लागतो. म्हणून मे महिन्याच्या काहिलीआधीच, मार्चमध्ये ही किरणं तीव्र झालेली असतात.

थर्मामीटर नको, सावली बघा

यवतमाळ साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या सुमारास भर दुपारी सूर्य डोक्यावरून फक्त २० अंश कललेला असतो. १६० सेंमी उंचीच्या माणसाची सावली तेव्हा जेमतेम ६० सेंमी पडते. सोपा नियम असा: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अंग झाका. त्या दिवसांत ही वेळ साधारण पावणेदहा ते तीन.

फील्डवर जाताना

- नमुने सकाळी लवकर किंवा तीननंतर घ्या.
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद कडेची टोपी, घट्ट विणीचा दुपट्टा घ्या. पातळ सुती कापड भिजलं की जास्त किरणं आत सोडतं.
- सनस्क्रीनचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंमीला २ मिलिग्रॅम लावतात. आपण त्याहून बरंच कमी लावतो, म्हणून डब्यावरच्या आकड्याएवढं संरक्षण मिळत नाही. भरपूर लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा.
- 'मी सावळा आहे, मला काय होतंय' असं म्हणू नका. मेलॅनिन थोडं वाचवतं, पूर्ण नाही. डोळ्यांना तर गॉगलच हवा.

माझी चूक संशोधनातलीच होती: मोजायचं होतं एक, अंदाज बांधला दुसऱ्यावरून. आणि एक लक्षात ठेवा, तुमच्या वेळापत्रकावर सोबतच्या मजूर मावशींचंही ऊन ठरतं.