स्क्रीन ७२०ची, व्हिडिओ '४के'चा. डेटा जातो कुठे?

पनवेल : नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि उलव्याकडचे ड्रोन व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आले. वर '४के' लिहिलेलं दिसलं की क्वालिटी २१६०पी करून बघायचा मोह होतोच. पण तुमच्या फोनची स्क्रीन तेवढी आहे का, हे आधी बघा.

स्क्रीनवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. '४के' व्हिडिओत आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. स्वस्तातल्या बऱ्याच फोनची स्क्रीन 'एचडी प्लस' असते, १६०० बाय ७२०. त्यातही व्हिडिओ आडवा लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात आणि चित्राला १२८० बाय ७२० एवढीच जागा मिळते. म्हणजे नऊ ठिपके डाउनलोड करायचे आणि फोनने त्यांचा एकच करून दाखवायचा! पैसे मात्र नऊचे. (डेटा अगदी नऊपट लागत नाही, पण कितीतरी जास्त लागतो.)

किती? नेटफ्लिक्सच्या हिशोबाने साध्या क्वालिटीला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर गणित तुम्हीच करा.

आणखी एक गंमत. फोन उभा धरून बघताना चित्राची रुंदी ७२० आणि उंची फक्त ४०५ ठिपके असते. तिथे ४८०पी व्हिडिओसुद्धा स्क्रीनपेक्षा मोठाच. मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये नेटवर्कवर ताण येऊ नये म्हणून मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाईल डेटावर ४८०पीच ठेवलं होतं.

वरची क्वालिटी अगदीच वाया जाते असंही नाही. ७२०च्या स्क्रीनवर १०८०पी लावलं तर चित्र थोडं स्वच्छ दिसू शकतं, कारण व्हिडिओ कमी दाबून पाठवलेला असतो. क्रिकेटच्या मॅचमध्ये किंवा बारीक अक्षरं वाचताना हा फरक जाणवेल. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही.

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ क्वालिटीत जाऊन मोबाईल नेटवर्कसाठी 'डेटा सेव्हर' निवडा. वायफायला वेगळं ठेवता येतं. एखादा व्हिडिओ मोठाच बघायचा असेल तर त्यावर टॅप करून चाकाच्या खुणेतून तेवढ्यापुरती क्वालिटी बदला.

नवीन फोन घेताना दुकानदार '४के आहे' म्हणाला तर विचारा, कॅमेरा की स्क्रीन? बहुतेक वेळा ते रेकॉर्डिंगबद्दल असतं. खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर 'डिस्प्ले' ही ओळ शोधा. तिथे ७२० बाय १६०० असेल तर एचडी प्लस, १०८० बाय २४०० असेल तर फुल एचडी प्लस.