बगळ्याचे पाय, देवमाशाचे पर

जानेवारीच्या पहाटे चोरखमाऱ्याच्या तलावात राखी बगळा मासळीची वाट पाहत गुडघाभर पाण्यात उभा असतो. (आपण ज्याला त्याचा गुडघा समजतो, ती खरे तर टाच.) गोंदियाचा पारा त्या दिवसांत १० अंशांखालीही उतरतो. बगळ्याच्या अंगात मात्र ४० अंशांच्या आसपास ऊब असते. ती उघड्या पायांतून निघून कशी जात नाही?

पायाकडे गरम रक्त नेणारी धमनी आणि थंड रक्त वर आणणाऱ्या शिरा एकमेकींना चिकटून असतात. उतरणारे रक्त आपली ऊब चढणाऱ्या रक्ताला देते. पाय गार राहतात, ऊब अंगातच फिरते.

कोकण किनाऱ्यालगत फिनलेस पॉरपॉइज हा देवमाशांच्या कुळातला, जेमतेम दीड मीटरचा प्राणी राहतो. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने ऊब ओढते. अंगाला चरबीचे पांघरूण असते, परांना नाही. या कुळातल्या प्राण्यांच्या परांत धमनीभोवती शिरांचे कडेच असते, हे शोलँडर आणि शेव्हिल यांनी १९५५ साली दाखवले. पक्षी आणि देवमासा यांचा समान पूर्वज तीसेक कोटी वर्षांपूर्वीचा. ही सोय दोघांकडे स्वतंत्रपणे आली.

आपल्याकडेही तिचा लहानसा अंश आहे. उन्हाळ्यात हातावरच्या शिरा टरारून दिसतात, कारण रक्त कातडीलगतून परतते. थंडीत तेच रक्त खोलवरच्या, धमनीला लागून असलेल्या शिरांतून जाते. म्हणून हिवाळ्यात सलाईन लावताना आमच्या सिस्टरांना शीर सापडत नाही!

पण बगळ्याचे पाय गार असले तरी त्यांना पुरेसे रक्त मिळते. बिडी ओढणाऱ्याचे तसे नसते. तंबाखूने धमन्याच अरुंद होतात, बोटे काळी पडतात, कधी पाय कापावा लागतो. आमच्या बिडीच्या जिल्ह्यात हे सांगणे कुणाला रुचत नाही. मधुमेहात तर पायाची जाणीवही कमी होते. थंड बांधीत रोवणी करून आलेली बाई शेकोटीजवळ पाय धरते, आणि भाजल्याचे तिला फोड आल्यावर कळते.

अशांनी पाय शेकू नयेत. कोरडे करून सैल लोकरी मोजे घालावेत. पाणी कोमट आहे ना, हे घरातल्या दुसऱ्याने हात घालून पाहावे. बोट निळे-काळे पडले किंवा रात्री निजूनही पाय ठणकत राहिला, तर मलम चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.