प्राण्यांमधील कार्यकारी स्मृती आणि मेंदूचे विभाग

समोरून नाहीशी झालेली माहिती काही क्षण धरून ठेवून तिच्या आधारे कृती करण्याच्या क्षमतेस कार्यकारी स्मृती म्हणतात. दोन पेल्यांपैकी एकाखाली खाद्य ठेवावयाचे, मध्ये पडदा आणावयाचा व काही सेकंदांनी माकडास निवड करू द्यावयाची, असे प्रयोग जेकबसन यांनी १९३० च्या दशकात केले. ललाटखंडाचा पुढील भाग काढलेली माकडे यात सातत्याने चुकत. त्यावरून हा भाग म्हणजे अशा स्मृतीचे कोठारच, असा समज रूढ झाला. परंतु १९४२ मध्ये माल्मो यांनी मधल्या काळात दिवे मालवले, तेव्हा तशाच माकडांची कामगिरी पुष्कळ सुधारली. कोठारच नष्ट झाले असते, तर अंधाराने काय साधले असते? उणीव व्यत्यय रोखण्याची होती, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वर्गात जेकबसन शिकविताना माल्मो वगळू नयेत.

पुढे १९७१ मध्ये फस्टर व अलेक्झांडर यांना प्रतीक्षाकाळात याच भागातील पेशींबरोबर थॅलॅमसमधील पेशीही सक्रिय आढळल्या. चक्रव्यूहातील कोणत्या वाटा धुंडाळून झाल्या, हे लक्षात ठेवण्यासाठी उंदरास हिप्पोकॅम्पस आवश्यक असतो. कबुतरास तर सस्तन प्राण्यांसारखे सहा स्तरांचे प्रमस्तिष्क बाह्यक नाहीच. तेथे हे कार्य मेंदूच्या मागील बाजूचा निडोपॅलियमचा भाग करतो.