वॉर्साचें 'जुनें गांव'

युरोपांतील जुनीं शहरें पाहावयास निघालेल्यानें वॉर्सा वगळूं नये. तेथील स्टारे मियास्तो, म्हणजे 'जुनें गांव', या भागांतील चौक व रंगीत घरें शतकानुशतकें अशींच उभीं असावींत, असें वाटतें. वस्तुतः १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्यानें यांतील शेंकडा ८५ हून अधिक भाग उद्ध्वस्त केला. अठराव्या शतकांतील चित्रकार बेलोत्तो याचीं चित्रें व युद्धापूर्वीं काढलेले नकाशे यांच्या आधारें तो पुन्हां बांधण्यांत आला. १९८० सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. भिंतींचें वय न पाहतां त्या पुन्हां उभारणाऱ्यांची निष्ठा पाहावी, म्हणजे हें गांव कळतें.

फिरून भूक लागल्यावर 'बार म्लेच्नी' नांवाच्या स्वस्त खानावळींत बटाटा व पनीर भरलेल्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या 'पिएरोगी' घ्याव्यात. वरून डुकराची चरबी नको, हें आधींच सांगितलें, म्हणजे शाकाहारी गृहस्थासही तेथें पोटभर जेवतां येतें.